चाळीस किलो श्रीखंड आणि माझा जनरेटर

२१ सप्टेंबर, रविवार
जालन्याहून जनरेटर आणला. सेकंडहँड, पेट्रोलवरचा, दोन माणसांना सहज उचलता येतो. एक मी, दुसरा रिक्षावाला. उचलला त्यानेच.
टेंभुर्णीत लाइट दिवसातून चारदा जाते. दसऱ्याला प्रेमलाची चाळीस किलो श्रीखंडाची ऑर्डर आहे, तिची पहिलीच मोठी. सगळं डीप फ्रीजमध्ये राहणार. नासलं तर गावात पुन्हा कोणी विचारायचं नाही, असं ती तीनदा म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. त्यावर ती उठून आत गेली. नवऱ्यावर भरवसा असला की माणूस निवांत होतो.
सोबत बत्तीस पानांची माहितीपुस्तिका आहे, मराठीत. मला मशीन बघूनच कळतं. पुस्तिका प्रेमलाला दिली. तिला वाचनाची आवड आहे.

२३ सप्टेंबर
ट्रायल घेतली. बाहेर भुरभुर होती, म्हणून मधल्या खोलीत. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या. एवढा विचार कोण करतं?
वीस मिनिटांत डोकं ठणकायला लागलं. प्रेमलाचंही. तेवढ्यात शेजारच्या गोपिकाबाई आवाज ऐकून धावत आल्या. त्यांची पिठाची गिरणी आहे, लाइट गेली की डिझेल इंजिनवर चालवतात. न विचारता मशीन बंद केलं, दारं-खिडक्या सताड उघडल्या. म्हणाल्या, गिरिधरभाऊ, याचा धूर लई खराब, त्यातल्या जहराचा वासबी येत न्हाई अन् माणूस बसल्या जागी जातो, मशीन बिलकुल घरात लावू नका, उघड्यावर ठेवा, खिडकीपासून दूर.
धुराचा बाऊ करतात झालं. डोकं दुखायचं कारण वेगळंच आहे. सकाळच्या चहात साखर कमी होती.
मशीन अंगणात, पत्र्याखाली हलवलं. आवाजामुळे.

२६ सप्टेंबर, सकाळी ८.१०
पेट्रोल संपत आलं. प्रेमला पुस्तिकेतून वाचून दाखवत होती की मशीन बंद करून पंधरा मिनिटं गार होऊ द्यायचं, मगच भरायचं. तिच्या समाधानासाठी बंद केलं. चार मिनिटं थांबलो.

८.१५
मिशी डावीकडून कमी केली. ऑफिसात सांगणार, नवीन स्टाइल. वाळूची बादली गोपिकाबाईंची होती, ती परत केली.

२८ सप्टेंबर
जबरदस्त आयडिया. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर स्वतः तयार केली. एक टोक जनरेटरला, दुसरं स्वयंपाकघरातल्या सॉकेटला. अख्ख्या घरात करंट!
गोपिकाबाई बघून पांढऱ्या पडल्या. त्यांचे यजमान धुळाजी लाइनमन आहेत. म्हणाल्या, असं केलं तर करंट उलटं खांबावर जातं भाऊ, अन् वर आमचा माणूस ऱ्हातो. त्यांना शांतपणे समजावलं की माझी वीज माझ्या घरात राहील, ती कशाला खांबावर चढायला जाते?
प्रेमला म्हणाली, वायर आत्ताच्या आत्ता फेका. संकल्प : फेकणार. सध्या कपाटामागे ठेवली आहे.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
पूजा आणि सर्व्हिसिंग एकदमच उरकलं. पाइप लावून मशीन खळखळून धुतलं. एअर फिल्टरचा स्पंज शिकेकाईने धुऊन ओलाच बसवला, वाळेल आपोआप. ऑइलची काडी काढून पाहिली, कोरडी ठक्क. म्हणजे आतून एकदम स्वच्छ.
हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. फोडताना नारळाचं थोडं पाणी आत गेलं. तीर्थच ते.
प्रेमला म्हणाली, एकदा चालू करून तरी बघा. खंडेनवमीला हत्याराला कामाला लावत नाहीत, एवढंही हिला माहीत नाही!

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी ७.००. लाइट गेली. फ्रीज गच्च भरलेला. मी तयार.

७.१०. हार उतरवला. कपाटामागून वायर काढली. घाईच्या वेळी संकल्प थोडे पुढे-मागे होतात. पिन सॉकेटमध्ये.

७.४०. दोरी तीस वेळा ओढली. मशीन खोकलंसुद्धा नाही.

८.१५. पन्नास झाल्या. खांदा निखळायला आलाय. गिऱ्हाइकं दहाला येणार. प्रेमला फ्रीजवर गोधडी टाकून उभी आहे. माझ्याकडे बघत नाही.

८.३०. गोपिकाबाई पळत आल्या. माझ्या हातातली दोरी हिसकावली, आत जाऊन सॉकेटमधली पिन उपटली आणि फरशीवरच बसल्या. मागोमाग जाऊन विचारलं, काय झालं? त्यांनी खिडकीकडे बोट केलं. समोरच्या खांबावर धुळाजी. तार हातात. डीपीवरून लाइन बंद करून जोडत होते. मला बघून हात केला, वरूनच ओरडले की साहेब, पाच मिन्टात देऊन राह्यलो लाइट!

८.५०. लाइट आली. श्रीखंड शाबूत.

दुपारी ४.००
ऑर्डर गेली, लोक तारीफ करून गेले. प्रेमलाने त्या वायरचे पक्कडीने तुकडे केले, वीतभराचे. जनरेटर गोपिकाबाईंच्या गिरणीत गेला.
पुस्तिका मागून घेतली. नवव्या पानावर आहे : घरातल्या सॉकेटला कधीही जोडू नये, तारेवर काम करणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. खाली प्रेमलाची लाल रेघ. बाजूला तिने तारीख टाकली आहे, २१ सप्टेंबर.
मशीन पहिल्याच ओढीला सुरू झालं असतं तर? खंडेनवमीची पूजा फळाला आली, असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

संध्याकाळी ६.००
धुळाजी सोनं द्यायला आले. आपट्याची पानं हातात देऊन मला कडकडून मिठी मारली. श्रीखंडाच्या तीन वाट्या खाल्ल्या. म्हणाले, आमच्या घरची सकाळपसून रडून राह्यली, मला तर काही सांगत न्हाई, तुम्हाला काही माहीत हाय का? प्रेमला त्यांची वाटी घेऊन आत गेली, मी आपट्याची पानं मोजत राहिलो.
माझी वाटी तशीच राहिली. एक चमचासुद्धा गेला नाही.
साखर कमी पडली असावी.