इंजिनाची टकटक

प्रिय तात्सुओ,

रविवारी विक्रेत्यांसमोर तू नवी मोटरसायकल हाकोनेचा घाट चढवणार आहेस. चढवू नकोस. बाकीचं पत्र नंतर वाचलंस तरी चालेल.

काल दवाखान्यात मोरिवाकीला पाहून आले. तुझा चाचणीस्वार पायाला प्लास्टर घालून पडलाय आणि येणाऱ्याजाणाऱ्याची माफी मागतोय. “चूक माझीच, बाई. क्लचवरची बोटं उचलली.” तुमची सगळी पोरं दोन बोटं क्लचवर ठेवूनच गाडी चालवतात, कारण इंजिन कधी जॅम होईल आणि क्लच ओढून चाक सोडवावं लागेल याचा नेम नाही. याला तुमच्याकडे कौशल्य म्हणतात! त्याची बायको सूप भरवता भरवता वाकून माझीच माफी मागत होती. मला तिथे बसवेना.

नववर्षाला आमच्याकडे जेवायला आलास ते आठव. विक्रेत्यांचं बोलणं तुला फार लागलं होतं. “साहेब, टू-स्ट्रोक गाड्या बघा कशा गुमान पळतात. तुमचं फोर-स्ट्रोक म्हणजे भांड्यांचं दुकान!” म्हणून तू टकटक करणारी व्हॉल्व्हची फट कमी केली होतीस. अंगणात इंजिन सुरू करून म्हणालास, “ताई, ऐक! टकटक गेली.” मी विचारलं, तापल्यावर काय? तू हसलास. “ताई, तुझी शाळा सुटली आता.”

सुटलेली नाही. तापलेलं पोलाद लांबतं; ती फट त्यासाठीच असते. ती नसेल तर चढावर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो, तुटून पिस्टनवर पडतो. बोटं आवळायच्या आत चाक जागच्या जागी अडकतं. तिथे दोन बोटं काय करणार? मोरिवाकीच्या इंजिनातला तुटका व्हॉल्व्ह तू स्वतः पाहिलास. तरी त्याला माफी मागू देतोस.

विक्रेते पाठ फिरवतील, कारखान्याला कुलूप लागेल, हे मला कळतं. लागू दे.

आज सकाळी माझा कोहेई ओट्यावर बसून बूट चमकवत होता. मी विचारलं, कुठे? “हाकोनेला. मामाने नाही सांगितलं, आई, गाडी चालवायचं मीच मागून घेतलं. मी काही मोरिवाकीसारखी बोटं उचलणार नाही.” त्याने ते हसत सांगितलं, तात्सुओ. त्याचे वडील युद्धावर गेले तेव्हा मी कुणाच्या पाया पडले नाही. आज तुझ्या पडते. आणि तरीही गाडी निघालीच, तर कोहेईच्या मागच्या सीटवर मी बसलेली असेन. विक्रेत्यांसमोर मला ओढून उतरवायची हिंमत असेल तर ये. नाहीतर फट मोठी कर. वाजू दे ते इंजिन.

तुझीच,
शिनोबुताई