काढा औषधात धरत नाहीत

४ ऑगस्ट
हे घरी आले एकदाचे. लिव्हरचा गाठीचा भाग काढला, उरलेलं वाढेल म्हणतात. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला माझा हात घट्ट धरत होते. निघताना डॉ. म्हणाले, "ऑपरेशनमध्ये लिव्हरचा रक्तपुरवठा थोडा वेळ थांबवला होता. तो परत सुरू झाला की पांढऱ्या पेशी धावून येतात. मेलेलं साफ करतात, पण चेकाळल्या की जिवंत भागावरही तुटून पडतात. सध्या शांत आहेत. रक्त तपासत राहू."
म्हणजे कुंपणच शेत खाणार. छान.

७ ऑग.
रिपोर्ट चांगला. वन्सं कर्वेनगरहून आल्या, गच्चीतली गुळवेल घेऊन. "अगं सुधा, प्रतिकारशक्ती नको का वाढायला? अरविंद किती वाळलाय!" रोज सकाळी कपभर काढा. हे तोंड वाकडं करतात, पण पितात. बहिणीपुढे यांचं कधी काही चाललंय?

१६ ऑग.
वरण-भात तसाच परत. रंग पिवळट वाटतो म्हटलं, तर म्हणे, "पडदा पिवळा आहे तुझा." पडदा काढून धुवायला टाकला.

१७ ऑग.
पडदा नाही. डोळे पिवळेच.
वन्सं फोनवर म्हणाल्या, काढा वाढव. दोनदा केला.

१९ ऑग.
आकडे फार वर. डॉ. आज हसले नाहीत. "पेशी पुन्हा भडकल्यात. ऑपरेशनमुळे इतक्या उशिरा व्हायला नको. आमच्या गोळ्यांशिवाय दुसरं काही औषध?"
"छे, काहीच नाही." अगदी ठामपणे सांगितलं. काढा कोणी औषधात धरतं का?
घरी आले, ओट्यावर पातेलं. प्रतिकारशक्ती वाढायला... म्हणजे त्याच पेशींची की! पातेलं मोरीत ओतलं, डॉ. ना फोन केला. ते म्हणाले, "गुळवेलीनं काही जणांना असं होतं. यांना तिच्यामुळेच झालं का, आज नाही सांगता येणार. लगेच बंद करा. सकाळी दाखल करा. लिव्हर मुळात उरलंय थोडं."
वन्संना काय सांगू? यांना काय सांगू? भीती वाटते, फार.

२० ऑग.
बॅग भरली. वाटेत सांगेन म्हणून यांना अजून काही बोलले नाही. स्वयंपाकघरात गेले तर हे फ्रिजपाशी उभे, हातात रिकामा कप.
"तुझी धांदल चाललेली, म्हटलं आपणच घ्यावा. ताईनं परवा काढ्याची बाटली भरून ठेवलीये ना."
रिक्षावाला खाली हॉर्न वाजवतोय.