लाल दगडाची पांढरी तुरटी

मी, लालासाब वल्द बाबासाब, धंदा कापड रंगवण्याचा, राहणार करवीर शहर, उमर साठीच्या पुढे. अक्कल शाबूत आहे. कोणाच्या भिडेनं नव्हे, स्वतःच्या मर्जीनं हा कागद स्वतः लिहीत आहे.

१. घर व पुढचं रंगाचं दुकान मुलगा निसार याला. ते त्याचंच आहे.

२. मागचं आवार, भट्टी, कढया व राखेचे रांजण सून मलिका हिला. तिचा नवरा, माझा थोरला दिलदार, गेल्या सालच्या तापात गेला. विधवा सुनेला आमच्यात वारसा नाही, म्हणून हे लिहावं लागतं. आमच्या कायद्यानं मिळकतीच्या तिसऱ्या हिश्शावर माझी मर्जी चालते. हे त्यात बसतं.

निसार म्हणतो, "अब्बा, भावजेला म्हायेरी धाडा. भट्टी मोडून गोदाम बांधू या की."

मलिका आतून म्हणाली, "म्हायेरात कोण हाय माझं? भट्टी हाय तर मी हाय."

३. भट्टीची हकीकत निसारला ठाऊक नाही. तेव्हा तो लहान होता. पन्हाळ्याकडच्या पठारावरचा दगड हलक्या प्रतीचा, त्यात लोखंड फार. त्याला कोणी विचारत नाही. रंगाला लागणारी तुरटी काढायला दिलदार तो गाडीतून आणायचा, भाजून कुटायचा, गंधकाच्या तेजाबात उकळायचा. पहिली तुरटी लाल निघाली. गुंडू वाण्यानं खडा चाटला.

"लालासाब, ह्यो गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा?"

सगळी पेठ हसली. पुढं दिलदारनं कढईत राखेचं पाणी घातलं. खडे जमल्यावर मलिकेनं ते गार पाण्यात पुन्हा पुन्हा धुतले. लाली पाण्यात उतरली, खडा पांढरा झाला. माझी बायको खैरुनबी तेव्हा होती. तिनं तो पंचगंगेच्या गढूळ पाण्याच्या घागरीत फिरवला. आम्ही घागरीभोवती बसून राहिलो. गाळ बसला. घागरीच्या तळाचे हातोडीचे ठोके दिसले.

४. उरलेल्या लाल पाण्यात हिरडा घातला की काळा रंग होतो. निसारनं तो मलिकेकडून विकत घ्यावा. फुकट मागू नये.

५. गुंडू वाण्याला एक पांढरा खडा द्यावा. आता चाट म्हणावं.

६. मी बहुधा याच पावसाळ्यात जाईन. नदी लाल आहे. माझ्या मय्यतीच्या आंघोळीचं पाणी मलिकेनं तुरटीनं निवळावं. घागर निसारनं भट्टीवरून स्वतः आणावी. तळ दिसल्याशिवाय ते पाणी माझ्या अंगावर घालू नये.

मुक्काम करवीर, आषाढ, सन १९१९.

सही : लालासाब बाबासाब रंगारी

साक्षीदार : जोतीराम सयाजी, शेजारी. आकाराम, गाडीवान, दगड याच्याच गाडीतून आले. निशाणी अंगठा.

खाली निसारच्या हातचं :
वाचलं. भट्टी राहील. घागर मीच आणीन, अब्बा. पण एवढ्यात न्हाय.