गार पडू न दिलेला सरस

ती. मामांस,

भाचीचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण खरंच घालायची वेळ आली तर गुडघे ऐकणार नाहीत, तेव्हा जमेल तेवढंच लिहिते. मामींचा खोकला गेला असेल. तुमच्या मनगटाचं मागाहून विचारते. आधी माझी फजिती ऐका, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल.

आमच्या प्रयोगशाळेत मोडलेल्या हाडांसाठी एक जेल तयार करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुम्ही त्याला ‘हाडांचा सरस’ म्हणता. ते नाव मी डायरीत लिहून खोडलं, कारण ते बरोबर नाही. पण दुसरं इतकं चांगलं सुचेना, म्हणून पुन्हा लिहिलं.) तुमचा सुतारकामाचा सरस गरम असताना वाहतो आणि गार झाला की धरतो. आमचं नेमकं उलट. बर्फात ठेवलं की पाण्यासारखं, अंगाची ऊब लागली की घट्ट. सुईने हाडाच्या फटीत सोडायचं, आत ते आपोआप बसतं.

परवा पाहुणे आले होते, हे काम पुढे चालू ठेवायचं की नाही ते ठरवणारे. टेबलावर भोक पाडलेलं हाड कोमट पाण्यात तयार होतं. आमच्या प्रमुख बाईंनी (त्या रागावत नाहीत, नुसता चष्मा पुसतात) मला खालच्या मजल्यावरून सिरिंज आणायला पाठवलं. बर्फाच्या डब्यासकट आणायची होती. मी ती डब्यातून काढली, फडक्यात गुंडाळली, काखेत दाबली आणि जिना जवळजवळ पळत चढले. विचार असा केलाच नाही. सगळं काखेनेच ठरवलं. लहानपणी सुट्टीत तुमच्याकडे आले की मागच्या शेगडीवरून सरसाचं भांडं कारखान्यात आणायचं काम माझं. तुम्ही खुर्चीचा पाय एका हाताने तोलून धरून ओरडायचात, “पळ गं चिमणे, गार पडला तर तुझे कानच चिकटवीन.” भांडं फडक्यात, पोटाशी धरून मी अंगण ओलांडायची. तो उग्र वास, पायाखाली रंध्याच्या कुरळ्या ढलप्या, आणि सगळी खुर्ची माझ्यासाठी खोळंबलेली. त्यानंतर मी कुठेही इतकी महत्त्वाची झाले नाही. (हे लिहून पुन्हा वाचलं. अतिशयोक्ती वाटत नाही.)

तर, वर पोचून सिरिंजचा दट्ट्या दाबला. काही नाही. आणखी जोर लावला, तेव्हा एक पांढरी कांडी टपकन निघाली आणि सर्वांत वयस्कर पाहुण्यांच्या बुटावर पडली. त्यांनी वाकून विचारलं, “हे असंच घट्ट होतं का?”

“हो,” मी म्हटलं, “पण हाडात.”

“फडक्यात कशाला गुंडाळलीत?” बाईंनी विचारलं.

“गार पडू नये म्हणून.”

त्यांनी चष्मा पुसला. दुसरी सिरिंज त्यांनी स्वतः आणली, बर्फासकट, आणि ती हाडात छान बसली. काम चालू राहिलं. मला मात्र आता जिन्याकडे कोणी पाठवत नाही.

मामींना नमस्कार, तुम्हाला दुसऱ्यांदा नमस्कार.

तुमची,
चिमणी

ता. क. मामींचा फोन आला होता. तुम्ही रंधा धरता यावा म्हणून मनगटाचं प्लास्टर मुदतीआधीच कापलंत, हाड जुळलं नाही, डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणतात, आणि तुम्ही ‘भाची सरस पाठवणार आहे’ असं सांगून थांबला आहात. मामा, तो अजून सशांच्याच हाडांत आहे. माणसांपर्यंत कधी पोचेल, पोचेल की नाही, मला खरंच सांगता येत नाही. शिवाय तो चिकटवत नाही. नुसती परांची बांधून देतो, हाडाला आपलं आपणच वाढावं लागतं. त्याची वाट पाहू नका. जोड धरेपर्यंत लाकडाला आवळलेला शिकंजा सोडायचा नाही, हा नियम कुणाचा? मी एकदा सोडला होता, तर तुम्ही माझ्याशी जेवणापर्यंत बोलला नव्हतात.

आणखी एक. शस्त्रक्रियेची तारीख घ्या, मी रजा टाकून येते. दवाखान्यापर्यंत तुमचा हात फडक्यात गुंडाळून पोटाशी धरीन. तेवढं काम मला अजून चोख येतं.