तुम्ही हसलात त्या दिवशी

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी एकदाही तुमच्याशी बोलले नाही, मनातल्या मनातसुद्धा. फोटो भिंतीवर आहे, दसऱ्याला हार घालते, पण बोलणं नाही. ते तुम्ही असतानाच बंद पडलं होतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गेल्या आठवड्यात बीजींना भेटायला गेले होते. आपल्या त्या घरमालकीणबाई, खालच्या मजल्यावरच्या. आता त्या मोहालीला मुलाकडे असतात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. चहा पिता पिता त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, आणि ती इतक्या सहज, की मला ती माहीत असणारच असं त्या धरून चालल्या होत्या. परत येताना बसमध्ये माझा स्टॉप चुकला. एस.टी.च्या कंडक्टरची मुलगी असून.

तुम्ही चंदीगडला आलात तेव्हा मला पाचवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी कराडपर्यंतचा प्रवास करायचा नाही म्हणून बजावलेलं. आई आधीच गेलेली. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, पंजाबात रोज माणसं मारतात, मी नाही यायची. तिला तरी काय बोलणार, वर्तमानपत्रं तेच सांगत होती. मग तुमचा ट्रंक कॉल आला. लाइनीत खरखर फार होती, तरी तुमचा आवाज स्टँडवर गाडी पुकारल्यासारखा स्वच्छ. म्हणालात, "आत्ती येत न्हाई तर ऱ्हाऊ दे. बाई न्हाई म्हणून म्हायेर बंद पडत न्हाई. मी येतो." आणि आलात. एक वळकटी, एक ट्रंक आणि ज्वारीचं अर्धं पोतं. स्टेशनवर शिपायानं पोत्यात सळई खुपसून विचारलं, यात काय आहे, तर तुम्ही सांगितलंत, "भाकरी." त्यानं तुम्हाला बाजूला उभं करून सगळं पोतं चाचपलं. घरी येईपर्यंत तुम्ही त्याच्यावर चिडलेलेच होता.

पीठ न आणता ज्वारी का आणलीत, तर पिठाची विरी जाते, भाकरी तुटते, हे तुम्हाला आईनं शिकवलेलं. गिरणीवाला हसला. तिकडे ज्वारी म्हणजे म्हशींचा चारा. बीजींनी जिन्यातच गाठून विचारलं, बेटीला डंगरांचं, म्हणजे गुरांचं, खाणं का देताय. तुम्ही तुमच्या त्या हिंदीत ठणकावलंत, "हमारे यहाँ डंगर भी खाते हैं, हम भी खाते हैं. दोनों मजबूत." त्या दिवसापासून बीजी तुमच्या भक्त झाल्या. पुढे त्यांनी कौतुकानं विचारलं, बेटीची शिक्षा कुठे झाली, तर तुमचा चेहरा उतरला. "मेरे लडकी को शिक्षा कभी नहीं हुई. एक बार भी नहीं." त्यांना वाटलं मी अडाणी आहे, तुम्हाला वाटलं त्या मला तुरुंगात जाऊन आलेली समजतात. मी हसून हसून पोट धरलं, तर तुम्ही मलाच दटावलंत, पोटाला हिसका बसेल म्हणून. ह्यांनी तो किस्सा त्यांच्या कारखान्यात सगळ्यांना सांगितला. तुमच्या हिंदीची आम्ही फार मजा केली, अण्णा. तेव्हा ते सगळं मजेचंच होतं.

ह्यांचा कारखाना पिंजौरच्या बाजूला. दुसरी पाळी असली की अंधार पडल्यावर बस मिळायची नाही, मग ते तिकडेच मित्राकडे राहायचे. त्यामुळे घर म्हणजे बहुतेक तुम्ही आणि मी. सकाळी मला जाग येते तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज येतो आहे, आणि क्षणभर वाटतं, आई. आत जाऊन बघते तर तुम्ही, खाकी पँट, बनियन, हात कोपरापर्यंत पिठात. शेजारी वर्तमानपत्र, पण त्याचं पहिलं पान नाही. ते तुम्ही मी उठायच्या आधी काढून घ्यायचा आणि डब्यांखाली घालायचा. मला आतली पानं मिळायची, बाजारभाव आणि हवामान. मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. कचेरीत मला सगळं कळायचंच, तिथे दुसरा विषय नव्हता.

माझी कचेरी चौतीस सेक्टरात. टाइपरायटरपुढे बसलं की पोट टेबलाला टेकायचं. साहेबांनी स्वतः उठून आपली खुर्ची दिली, ती जरा उंच होती. बरोबरच्या बायका रोज काहीतरी आणायच्या, पंजिरी, लोणचं, स्वेटर विणायचे नमुने, आणि दुपारी चारनंतर सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे, कारण उजेडात घरी पोचायचं. मी बसमधून उतरायची तेव्हा तुम्ही स्टॉपवर उभे. ऊन असो, धूळ उडो, तुम्ही तिथे. बस थांबायच्या आधी मी एकदा पायरीवरून उतरले तर तुम्ही भर रस्त्यात ओरडलात, चालत्या गाडीतनं उतरतीस, कंडक्टरच्या पोरीनं असं करायचं? शेजारचे दोन सरदारजी वळून बघायला लागले. मला राग आला, घरापर्यंत बोलले नाही. जिन्यात मात्र हळूच विचारलंत, "हाफ तिकीट काय म्हंतंय?" बाळाचं नाव तुम्ही तेच ठेवलं होतं. पाय मारतो का, हालचाल आहे का, असलं मुलीला विचारायला तुम्हाला संकोच वाटायचा. मग, हाफ तिकीट झोपलंय का, हाफ तिकिटाला जागा पुरती का. मी सांगायची, खिडकीपाशी बसायचं म्हणतंय. त्यावर तुम्ही समाधानानं मान हलवायचा.

त्या दिवशी सकाळपासून कंबर दुखत होती. तुम्हाला सांगितलं असतं तर कामावर जाऊ दिलं नसतंत, म्हणून सांगितलं नाही. दुपारी डबा खाऊन उठले आणि साडी भिजलेली कळली. बायकांनी धरून कचेरीच्या जीपमध्ये घातलं, मोठ्या इस्पितळात नेलं. उन्हं कलायच्या आत सगळं संपलं होतं. मुलगा होता. मी बघितला नाही. दाखवू का म्हणाल्या, तर मी नको म्हटलं. नंतर खाटेवर पडून वरचा पंखा बघत होते. ह्यांना निरोप गेला होता, पण ते यायला रात्र होणार होती. मला फक्त तुम्ही हवे होतात. तुम्ही याल, डोक्यावर हात ठेवाल आणि मग मला रडता येईल, असं मी थांबवून धरलं होतं.

तुम्ही आलात. पायात चपला नाहीत, सदऱ्याची बटणं उघडी, पाय धुळीनं भरलेले. दारात उभं राहून माझ्याकडे बघितलंत आणि हसलात. तोंड भरून, आवाज करून हसलात, अण्णा. खाटेपाशी येऊन माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपलात. "हायस नव्हं तू. हायस." डोळ्यांतून पाणी आणि तोंडावर हसू. परिचारिका आली, तर तिला हात जोडून म्हणालात, "बहुत अच्छा हुआ जी. बहुत अच्छा हुआ." ती माझ्याकडे बघत राहिली. पलीकडच्या खाटांवरच्या बायाही बघत होत्या. माझं पोट रिकामं झालेलं आणि माझा बाप सगळ्या वॉर्डाला सांगतो आहे, फार चांगलं झालं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "अण्णा, तुम्ही जा."

नंतर तुम्ही दोनेक आठवडे राहिलात. हुलग्याचं माडगं करून आणायचा, ते मी निवू द्यायची. ह्यांनी समजावलं, म्हातारं माणूस आहे, गोंधळलं असेल. एका दुपारी मी तुम्हाला विचारलंच, तुम्हाला हसू कसं आलं? तुम्ही हातातलं पातेलं खाली ठेवलंत. वाटलं, आता काहीतरी सांगाल. "आलं खरं," एवढंच म्हणालात आणि पातेलं घासायला मोरीत गेलात. तुम्ही परत निघालात तेव्हा मी स्टेशनवर आले नाही. उरलेली ज्वारी दूधवाल्याच्या म्हशींना घातली. पुढच्या वर्षी तुम्हाला झटका आला. तार मिळून मी कराडला पोचले ती तुमच्या दहाव्याला. त्यानंतर दोन वर्षांनी मला मुलगी झाली. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. आजोबा कसे होते म्हणून तिनं विचारलं की मी सांगायची, कंडक्टर होते. पुढे काही नाही.

आता बीजींनी सांगितलेलं सांगते. ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला एकदा तुमच्यापुढे बोलायचं आहे. त्या दुपारी कचेरीतून फोन बीजींकडे आला. त्या धापा टाकत वर आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, "भाईसाब जी, बेटी का बहुत खून गया. बड़े अस्पताल ले गए हैं." तुम्ही भाकरीच्या पिठाचे हात तसेच धरून उभे होता. बेटी का खून, एवढंच तुम्हाला ऐकू आलं. त्यांच्या भाषेत ते रक्त. आपल्यात खुनाला दुसरा अर्थच नाही. आणि रोज पहाटे ती पहिली पानं वाचणारे घरात तुम्ही एकटेच. तुम्ही विचारलंत, किसने? बीजींना वाटलं, कुणी नेलं म्हणून विचारताय. त्या म्हणाल्या, "दफ्तर वालों ने." तुम्ही तसेच जिना उतरलात.

कुठे गेलात ते सरदारजींनी, म्हणजे बीजींच्या यजमानांनी, त्यांना नंतर सांगितलं होतं. तुमचे अनवाणी पाय बघून बीजींनी त्यांना स्कूटरवर मागोमाग पाठवलं. त्यांनी तुम्हाला अपघात विभागात शोधलं, बायकांच्या वॉर्डात शोधलं. तुम्ही सापडलात मागच्या बाजूला, जिथे मढी ठेवतात त्या खोलीच्या दारात. आतला माणूस सांगत होता, यहाँ नहीं है, बाबा, आणि तुम्ही हात जोडून म्हणत होता, एक बार देखने दो. सरदारजींनी तुम्हाला पायरीवर बसवलं, आपल्या मनगटाची शीर दाखवून सांगितलं, ये खून. सिर्फ ये. बेटी जिंदा है, बच्चा नहीं रहा. तुम्ही त्यांच्या गळ्यात पडलात म्हणे. आणि तिथून उठून माझ्याकडे आलात.

मी बीजींना विचारलं, मग मला का नाही सांगितलंत? त्यांना नवल वाटलं. त्या म्हणाल्या, तुझ्या बापूजींनीच शपथ घातली होती. म्हणाले, "ऐसी बात लड़की के बारे में मुँह से नहीं निकालते." मी विचारलं त्या दुपारी तुम्ही तेच गिळलंत. मेलीस असं वाटलं, हे मला जिवंत बघून तुम्हाला उच्चारवेना, आणि त्यापायी माझा अबोला पत्करून तुम्ही कराडची गाडी धरलीत.

हे लिहून झाल्यावर कुठे ठेवणार, माहीत नाही. तुमचा पत्ता नाही, आणि मुलीला मराठी वाचता येत नाही. बहुधा डब्याखाली घालीन. पण एक सांगायचं राहिलं, आणि ते बीजींनाही ठाऊक नाही, ह्यांनाही नाही. तुम्ही वॉर्डाच्या दारात हसलात ना, तुमचे पिठाचे हात माझ्या गालांना लागले, "हायस" म्हणालात, तेव्हा क्षणभर मलाही बरं वाटलं होतं, अण्णा. बाळ गेलं होतं आणि मला बरं वाटलं, की मी आहे. त्याची मला इतकी लाज वाटली, की मी भिंतीकडे तोंड केलं.