प्लास्टिकची बाटली

ताताय,

मी पहिल्या जीपनीने इलोइलोच्या इस्पितळात चालले आहे, तुमच्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यायला. भात आणि तळलेली मासळी झाकून ठेवली आहे.

वादळात बिलियर्डच्या हॉलचं छप्पर उडालं, तेव्हापासून तुम्ही जेवणाच्या टेबलावर काचेची बाटली आडवी ठेवून सराव करता. तिच्या तोंडातून काठी आतबाहेर न्यायची, काचेला लागू द्यायची नाही. लागली की टिंग वाजतं. गेला महिनाभर ते सारखं वाजत होतं.

"निंग, टेबल डुगडुगतंय," तुम्ही म्हणालात. मी पायाखाली पुठ्ठा सारला, तरी वाजलं. मग तुम्ही काठी माझ्या हातात दिलीत. मी वीस वेळा नेली, एकदाही वाजलं नाही. "पोरगी बापाच्या पुढे गेली की!" म्हणून हसलात, पण त्या दिवशी नीट जेवला नाहीत.

काल पाहिलं, तर टेबलावर प्लास्टिकची बाटली होती. मला आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच ना? ताताय, तुमचा हात थरथरतो हे मला आधीच कळलं होतं. मीही टेबलालाच दोष देत बसले, ती माझी चूक.

रविवारच्या जत्रेतल्या बिलियर्डच्या सामन्यात तुम्ही खेळणार नाही, असं जाताजाता सामना भरवणाऱ्या पोलिंगकाकांना सांगते. मला ताप येतोय म्हणून इस्पितळात चाललेय, तुम्ही मला सोडून खेळायला येणार नाही, असंच सांगेन. माझ्यावर हवं तेवढं रागवा.

आज दाढी मात्र स्वतः करू नका. वस्तरा मी उचलून ठेवला आहे. संध्याकाळी आले की मी करून देईन.

निंग