एक दिवस गोळी, एक दिवस काढा

२ डिसेंबर २०२४, सोमवार. संध्याकाळ

नागपूरहून परत आलो. बस बदलत बदलत बोरी अरबला उतरलो तेव्हा कंबर राहिली नव्हती. पण माझ्या बायकोच्या, अंजूच्या आजाराला शेवटी नाव मिळालं. ल्युपस. पोळ्यापासून नुसता ताप, सकाळी बोटं आखडणं, केस गळणं. कापूस वेचून आली की नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लाल. आम्ही उन्हाचं समजून कोरफड लावत होतो.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. अंगातली प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायची सोडून आपल्याच अंगावर उलटते. सांधे, कातडी, किडनी, कुठेही. जुनाट आजार आहे म्हणाल्या. मी नम्रपणे सांगितलं, मॅडम, जुनाट कसा, पोळ्यालाच तर सुरू झाला. त्या म्हणाल्या, जुनाट म्हणजे जुना नव्हे दादा, राहणारा. मी वाद घातला नाही. डॉक्टर लोकांचं मराठी कच्चं असतं.

आजार नवा आहे. नव्यातच धरला तर जुनाट व्हायचा प्रश्न येत नाही. संकल्प: चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत अंजू पांढरी साडी नेसून सर्वांत पुढे चालेल.

८ डिसेंबर

दोन प्रकारच्या गोळ्या आहेत. एक सूज उतरवणारी. दुसरी, मेडिकलवाल्याने सांगितलं, मलेरियाची. अंजूने विचारलं, मले मच्छर चावला नाई, मंग मलेरियाची गोळी कायले? मला उत्तर येत नव्हतं म्हणून सांगितलं की हे विज्ञान आहे. यवतमाळला शिकणाऱ्या मैत्रेयीला फोन लावला. ती म्हणाली, बाबा, ती गोळी या आजारातही देतात, प्रतिकारशक्तीला शांत करते, बंद करू नका. हे मला तिच्या आधी सुचायला हवं होतं.

१५ डिसेंबर, मार्गशीर्ष पौर्णिमा

विहारात वंदना घेतली. मन प्रसन्न. घरी येऊन अंजूला समजावलं की सगळं अनित्य आहे, मग ल्युपसही अनित्यच. ती तांदूळ निवडत होती. खडा दोन बोटांत धरता येत नव्हता, तिसऱ्यांदा निसटला. म्हणाली, मंग मी बी अनित्यच हाय की. मी शिलाईच्या दुकानात येऊन एका शर्टाची कॉलर उलटी लावली.

शेजारच्या धुरपताबाई आल्या होत्या. विचारत होत्या, ल्युपस म्हंजे लपून बसते तो काय वं? अंजू म्हणाली, हो ना, माह्यात लपून झालं त्याचं, आता शेजारी जागा पाहून राह्यला. धुरपताबाईंनी चहा अर्धा ठेवला. मला मागून जाऊन सांगावं लागलं की हा पसरणारा आजार नाही. त्यांनी दारातूनच ऐकून घेतलं.

१३ जानेवारी २०२५

उन्हात जायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे. पण मी उगाच शिंपी नाही. जाड सुती कापडाचा झगा शिवला. बाह्या बोटांपर्यंत, कॉलर हनुवटीपर्यंत, वर कापडी टोपी. अंजूने घालून पाहिला. म्हणाली, कोणाच्या बी हरभऱ्यात उभी करा मले, पाखरं येणार नाई. तरी घालते. वेचणी बंद केली आहे, पाणी भरायला तेवढी जाते.

बोटं आता वळतात. ताप नाही. श्रेय कोणाला, हा प्रश्न आहे. गोळ्या ती घेतेच, पण नियोजन माझं आहे. चेहरा मात्र गोळीने सुजला. बाया म्हणतात, अंजू, तब्येत मस्त सुधारली तुयी. ती हसते आणि घरात येऊन आरसा पालथा ठेवते.

९ फेब्रुवारी

महत्त्वाचा दिवस. आजाराचं मूळ सापडलं. प्रतिकारशक्ती अंगावर उलटते, म्हणजे ती बिघडली. बिघडली म्हणजे कमजोर झाली. मग तिला ताकद द्यायला नको का? कोरोनात सगळं गाव गुळवेलीचा काढा प्यायलं. शाळेमागच्या कडुनिंबावर भरपूर वेल आहे. आणली, ठेचली, उकळली. अंजू एक घोट घेऊन म्हणाली, हे प्याले तं ल्युपस काय, मीच पळून जाईन.

मैत्रेयी फोनवर म्हणाली, बाबा, ती कमी करायची आहे, वाढवायची नाही. मी सांगितलं, अशक्त बैलच मारका होतो, त्याला खाऊ घातलं की शांत. तिचा आवाज तुटायला लागला. आमच्याकडे रेंज नसते.

१६ फेब्रुवारी

काल रात्री विचार करताना एक अडचण लक्षात आली. गोळी प्रतिकारशक्ती कमी करते, काढा वाढवतो. दोन्ही एकाच दिवशी पोटात गेले तर दोघांची मेहनत वाया. उपाय सोपा आहे. एक दिवस गोळी, एक दिवस काढा. काढ्याच्या दिवशी दोन्ही गोळ्या बंद.

अंजू म्हणाली, डॉक्टरीणबाईले इचारून घ्या ना एक डाव. मी म्हटलं, त्यांच्याकडे किती रुग्ण असतात, उगाच त्रास कशाला. ती म्हणाली, आना, तुमी म्हनता तं. थकली आहे बिचारी. मैत्रेयीला कळवलं नाही. तिची परीक्षा जवळ आहे.

२ मार्च

अंजूला ताप. बोटं पुन्हा आखडली. घाबरायचं कारण नाही. आजार निघून जाताना आधी जोर करतो. आज मीच तिची वेणी घातली. केस हातात आले. ते तिला दिसायच्या आत खिशात टाकले.

९ मार्च

पाय सुजले. चप्पल चढत नाही. अंजूने हळूच सांगितलं, लघवीले साबनासारखा फेस येते. मी म्हटलं, पाणी कमी पीत असशील. काढा जरा पातळ करावा का, हा विचार चालू होता, तेवढ्यात मैत्रेयी घरी आली. तिने आईचे पाय पाहिले. डबी उघडून उरलेल्या गोळ्या पाहिल्या. दवाखान्यात फोन लावला. परवा नागपूर.

११ मार्च. नागपूर, दवाखान्याच्या व्हरांड्यात

भरती केलं. किडनीवर आलं आहे. लघवीतून प्रथिनं जात आहेत.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळ्या रोज घेतल्या का? मी एक आड एक पद्धत मुद्देसूद सांगणार होतो. माझ्या आधी अंजू बोलली, मीच इसरत होती. मैत्रेयी माझ्याकडे पाहत होती. शेवटी मीच काढ्याचं सांगितलं, एक आड एकचंही सांगितलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, दादा, घरचा पहारेकरीच घरच्यांना मारत आहे, आणि तुम्ही त्याला दूध पाजलं.

अंजूला सलाईनमधून औषध सुरू आहे. तिने विचारलं, तुमी जेवले काय? मी हो म्हटलं.

१४ एप्रिल

अंजू घरी आहे. नवीन एक गोळी वाढली. मिरवणूक संध्याकाळी आमच्या दारावरून गेली. ती खुर्चीत बसून पाहत होती. साडी पांढरीच होती. मी म्हटलं, हरकत नाही, बुद्धपौर्णिमेपर्यंत ठणठणीत होशील. ती म्हणाली, तारखा नोका देत जाऊ मले. प्रत्येक तारखेले मीच नापास होतो.

गोळ्या आता तिच्या बटव्यात असतात. बटवा तिच्या कमरेला.

१० जुलै, आषाढ पौर्णिमा

विहारात आजपासून वर्षावासाचं, पावसाळाभर चालणारं वाचन. माझं मन नव्हतं. तपासणीला अंजू आणि मैत्रेयी दोघीच गेल्या होत्या. दुकान बंद नको, असं अंजू म्हणाली. दुकानात दिवसभर एक झिपर बदलायला आली.

संध्याकाळी आल्या. प्रथिनं जाणं कमी झालं आहे. सुजेची गोळी थोडी उतरवली. मलेरियाची तशीच, तिच्यामुळे वर्षातून एकदा डोळे तपासायचे. मी विचारलं, कधीपर्यंत? अंजू म्हणाली, हाय तवरक. मी विचारलं, आजार आहे तोवर? म्हणाली, मी हाय तवरक. आणि लगेच विचारलं की भाजी काय केली.

डॉक्टरीणबाईंनी माझी चौकशी केली म्हणे. आज दादा नाही आले? अंजूने सांगितलं, घरीच ठेवले. त्या म्हणाल्या, बरं केलं. हे सांगताना मायलेकी हसत होत्या. मीही हसलो, जरा उशिरा.

रात्री आम्ही दोघं वाचनाहून परतताना वाटेत धुरपताबाईंनी विचारलं, बरी झाली काय वं अंजू? उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. अंजू म्हणाली, बरी नाई, चालू हाय.

जेवणानंतर तिने बटव्यातून गोळ्या काढल्या. म्हणाली, पानी द्या.

दिलं.